न पडलेलं पाणी



गुरुजींच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मला बोलावलंत, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी त्यांच्याच वर्गात भूगोल शिकलो. शाळेच्या व्हरांड्यात, सावलीच्या बाजूला, त्यांनी एका फळीवर दोन तापमापक ठोकले होते. एक साधा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीचं टोक शाईच्या जुन्या दौतीत सोडलेलं. दौतीत पाणी. रोज प्रार्थनेनंतर एका मुलानं जाऊन दोन्ही पारे वाचायचे आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचे: कोरडा इतका, ओला इतका. १९७२ च्या दुष्काळात शाळेचा आड आटला होता, आम्ही मुलं घरून बाटलीत पाणी आणायचो. त्या वर्षीही गुरुजींनी ती दौत कोरडी पडू दिली नाही. आम्हाला वाटायचं, प्यायला पाणी नाही आणि हे चिंधी भिजवतायत! ते तसं का करत होते, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. आजचं व्याख्यान त्या दौतीबद्दल आहे, असं समजा.

सुरुवातीला तुम्हाला एक प्रश्न विचारतो. या सभागृहात आत्ता किती पाणी आहे?

मागे ठेवलेल्या पाण्याच्या जारकडे काहींनी मान वळवली. बरोबर आहे, तो वीस लिटरचा आहे. पण तसलाच आणखी एक जार या सभागृहात आहे आणि तो कुणाला दिसत नाही. हिशेब करू. हे सभागृह अंदाजे वीस मीटर लांब, बारा मीटर रुंद, पाच मीटर उंच. म्हणजे बाराशे घनमीटर हवा. बाहेर मृगाचे दिवस आहेत, तापमान तीस अंश, सापेक्ष आर्द्रता पंचावन्न टक्के. अशा हवेच्या एका घनमीटरात साधारण सतरा ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. बाराशेनं गुणलं की वीस लिटर. तुमच्या-माझ्या नाकासमोर, डोळ्यांसमोर, खुर्च्यांच्या मधल्या जागेत एक भरलेला जार तरंगतोय. शिवाय तुम्ही तीनशे माणसं आहात. शांत बसलेला माणूससुद्धा श्वासातून आणि कातडीवाटे तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडतो. व्याख्यान संपेपर्यंत बारा-पंधरा लिटरची भर तुम्हीच घालणार. खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या आहेत, ते उगाच नाही.

आता हाच हिशेब छताच्या वर नेऊ. पृथ्वीच्या वातावरणातली सगळी वाफ एकाच वेळी पाणी होऊन खाली आली, तर सरासरी पंचवीस मिलिमीटरचा थर होईल. फक्त पंचवीस. समुद्र, हिमनद्या, भूजल यांच्यापुढे अगदी नगण्य. पण एका चौरस किलोमीटरवर पंचवीस मिलिमीटर म्हणजे अडीच कोटी लिटर. २०१६ चा एप्रिल आठवा. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पन्नास डब्यांच्या त्या जलदूत गाडीत एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी यायचं. ही सरासरी धरली, तर लातूरकर रांगेत हंडे घेऊन उभे होते तेव्हा त्यांच्या डोक्यावरच्या प्रत्येक चौरस किलोमीटरच्या आभाळात तशा दहा गाड्यांचं पाणी होतं. ते का पडलं नाही? आणि पडत नाही त्या पाण्याचा आपल्याशी संबंध काय?

आपल्या धाराशिव जिल्ह्याला पाणी मोजायची सवय आहे, ती दुष्काळानं लावलेली. कोणत्या मंडळात किती मिलिमीटर झाला, तेरणा किती टक्के भरलं, टँकर किती सुरू आहेत, हे आपल्याकडे चहाच्या टपरीवरही माहीत असतं. पण हे सगळं पडलेल्या पाण्याचं मोजमाप झालं. न पडलेलं पाणी आपण मोजत नाही. आपलं पीक, आपल्या मालाचा भाव, आपली तब्येत आणि पुढे पडणारा पाऊस यांतलं बरंच काही त्या न पडलेल्या पाण्यावर ठरतं. एवढंच मला सांगायचं आहे. आता ते उलगडून सांगतो.

पहिल्यांदा टक्क्यांकडे बघू. टक्केवारी फसवते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

मोबाइलवर हवामान उघडलं की आर्द्रता टक्क्यांत दिसते. मे महिन्यातली दुपार, चाळीस अंश, आर्द्रता वीस टक्के. आपण म्हणतो, हवा ठणठणीत कोरडी. डिसेंबरातली पहाट, बारा अंश, आर्द्रता ऐंशी टक्के. आपण म्हणतो, हवेत केवढी ओल आहे. आता सांगा, पाणी कोणत्या हवेत जास्त? मी हा प्रश्न कृषी पदवीधरांनाही विचारला आहे. बहुतेक जण डिसेंबर म्हणतात. खरं उत्तर मे आहे. मेच्या त्या दुपारी घनमीटरमागे दहा ग्रॅमहून थोडी जास्त वाफ असते, डिसेंबरच्या पहाटे साडेआठ ग्रॅम.

असं का? कारण टक्का सांगतो तो भाग, आणि कशाचा भाग ते तापमानावर ठरतं. दहा अंशांना एका घनमीटरात जास्तीत जास्त नऊ-साडेनऊ ग्रॅम वाफ राहू शकते. वीस अंशांना सतरा. तीस अंशांना तीस. चाळीस अंशांना एक्कावन्न. दर दहा-अकरा अंशांना ही मर्यादा जवळपास दुप्पट होत जाते. मेच्या दुपारी वाफेला जागाच एवढी मोठी असते, की त्यात दहा ग्रॅम कुठल्या कुठे हरवून जातात. तीच हवा रात्री निवली की टक्का आपोआप वर चढतो. वाफ एक ग्रॅमनंही वाढलेली नसते. म्हणून सकाळी साडेआठची आर्द्रता आणि संध्याकाळी साडेपाचची आर्द्रता यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. एखादं वर्तमानपत्र नुसतं "आर्द्रता साठ टक्के" असं छापतं, वेळ देत नाही, तापमान देत नाही. त्या आकड्याला काय अर्थ राहिला?

मग भरवसा कशावर ठेवायचा? दवबिंदूवर. हवा थंड करत गेलं की एका तापमानाला ती शंभर टक्के भरते आणि त्यापुढे पाणी बाहेर टाकू लागते. फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तेव्हा तुम्ही दवबिंदूच बघत असता. हवेतली वाफ वाढल्या-घटल्याशिवाय दवबिंदू फारसा हलत नाही. आत्ता या सभागृहातल्या हवेचा दवबिंदू वीस अंशांच्या आसपास आहे. मेच्या त्या दुपारचा बारा-तेराच्या आसपास असतो. दोन दिवसांची तुलना करायची असेल, तर या दोन आकड्यांची करा.

आपल्या माणसांना हे यंत्राविना कळत होतं. बरणीतलं मीठ ओलं व्हायला लागतं. गुळाची ढेप पाझरते. पापड, चिवडा सादळतो. या "सादळणं" शब्दासाठी मी कितीतरी वर्षं दुसरा शब्द शोधतोय, अजून सापडलेला नाही. हवेतली वाफ वस्तूत शिरून तिचा कुरकुरीतपणा घालवते, हे सगळं एका शब्दात. आणि हलगी! देवीच्या छबिन्यापुढे असो की गावच्या जत्रेत, हलगीवाला हात टाकण्याआधी काय करतो? चार काटक्यांचा जाळ करतो आणि हलगी शेकतो. कातडं हवेतली ओल पितं, ढिलं पडतं, आवाज बसतो. जाळावर धरलं की ओल निघते, कातडं ताणतं आणि कडाडून बोलू लागतं. मी एकदा तुळजापुरात नवरात्रात एका वादकाजवळ उभा राहून हे बघितलं. तो हलगी जाळावर फिरवायचा, बोटानं टिचकी मारायचा, कान लावायचा, पुन्हा फिरवायचा. चौथ्या टिचकीला मान हलवली आणि उठला. १७८३ साली जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञानं माणसाच्या केसापासून आर्द्रतामापक बनवला, कारण ओलीनं केस लांबतो. तत्त्व तेच. आमच्या हलगीवाल्यानं त्यावर पुस्तक लिहिलं नाही, एवढंच.

आता दुसरी गोष्ट. वाफ नुसतं पाणी वाहत नाही, ती उष्णता वाहते. हे समजायला भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्टीइतकी चांगली प्रयोगशाळा नाही.

भट्टीवर मोठी कढई, कढईत दहा लिटर दूध. उकळी फुटायला फार वेळ लागत नाही. खरा वेळ पुढे. उलथणं फिरवत राहायचं, तळाला लागू द्यायचं नाही, आणि दूध आटत राहतं. शेवटी हाती येतो दोन किलोच्या आसपास खवा. बाकीचं साडेसात-आठ लिटर पाणी वाफ होऊन पत्र्याखालून निघून गेलेलं असतं. आता लक्ष द्या. एक लिटर पाणी तीस अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सत्तर किलोकॅलरी लागतात. पण उकळी आल्यानंतर त्याच लिटरची वाफ करायला पाचशे चाळीस लागतात. जवळपास आठपट. आणि त्या सगळ्या वेळात कढईतलं तापमान जवळपास तिथंच असतं! मग एवढं सरपण जळालं, त्याची उष्णता गेली कुठे? वाफ ती उचलून घेऊन गेली. आपल्याकडे तिला सुप्त उष्णता म्हणतात. सुप्त म्हणजे झोपलेली, मेलेली नव्हे. ती वाफ जिथे पुन्हा पाणी होईल, तिथे ती उष्णता जागी होणार.

अरबी समुद्र ही अशीच एक अवाढव्य कढई आहे. सूर्य तिच्याखाली नसून वर आहे, एवढाच फरक. समुद्रावरून उठलेली वाफ वाऱ्याबरोबर येते, वर चढते, थंड होते, तिचे थेंब होतात आणि झोपलेली उष्णता ढगाच्या पोटात जागी होते. ती उष्णता ढगाला आणखी वर ढकलते. एका चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर तेवढ्या पाण्याचे थेंब होताना सत्तर लाख युनिट विजेइतकी उष्णता वर मोकळी झालेली असते. मृगाच्या वादळात पत्रे का उडतात, झाडं का मोडतात, याचं उत्तर यात आहे.

इथं एक गैरसमज दूर करतो. दमट हवा जड असते, असं पुष्कळांना वाटतं. अंगाला जड वाटते म्हणून. प्रत्यक्षात ती हलकी असते. पाण्याच्या रेणूचं वजन अठरा, हवेचं सरासरी एकोणतीस. जड रेणूंच्या जागी हलके आले की हवा हलकी होणारच. म्हणून तर ती वर जाते, आणि वर जाते म्हणून पाऊस पडतो.

मग आपल्या डोक्यावरच्या त्या दहा गाड्या का रिकाम्या होत नाहीत? नुसती वाफ असून भागत नाही. तिला वर चढावं लागतं, थंड व्हावं लागतं आणि धरून बसायला धुळीचा, मिठाचा बारीक कण लागतो. सह्याद्री हे काम फुकट करतो. समुद्रावरची हवा त्याला आपटते, वर चढते आणि महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर ओतते. डोंगर ओलांडून ती खाली उतरते तेव्हा दाबली जाते, तापते आणि तिची तहान वाढते. वर चढताना रिकामी झाली, उतरताना तहानली, अशी ती आपल्याकडे पोचते. आपल्याला सातशे मिलिमीटरच्या आगेमागे मिळतो, तोही कसाबसा. बालाघाटच्या डोंगरांत सह्याद्रीइतका दम नाही. म्हणून जून-जुलैत ढग आपल्या डोक्यावरून धावत जातात आणि सप्टेंबरात बंगालच्या उपसागराकडून कमी दाबाचा पट्टा आला की आपले ओढे भरतात. परतीच्या पावसाची वाट आपण बघतो, तिचं कारण भूगोलात आहे, नशिबात नाही.

ढगाचा तळ किती उंच असेल, याचा एक सोपा ठोकताळा सांगतो. तापमानातून दवबिंदू वजा करा आणि एकशे पंचवीसनं गुणा. उत्तर मीटरमध्ये. आज तीस आणि वीस, फरक दहा, म्हणजे ढग सव्वा किलोमीटरवर. मेच्या दुपारी चाळीस आणि तेरा, फरक सत्तावीस, म्हणजे जवळपास साडेतीन किलोमीटरवर. एवढ्या उंचीवरून निघालेला थेंब खालच्या कोरड्या हवेतून येता येता वाफ होऊन जातो. वैशाखात तुम्ही पाहिलं असेल, लांब आभाळातून पावसाच्या काळ्या जटा लोंबताना दिसतात, आपण म्हणतो तिकडे धो-धो चाललाय, आणि तिकडच्या गावातल्या कुणाला फोन केला तर तो म्हणतो, नुसती वावटळ आली, थेंब नाही. त्या जटा अधांतरीच वाळतात.

कृत्रिम पावसाबद्दल लोक मला हमखास विचारतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात आपल्या शेजारी सोलापूर भागात विमानानं ढगांत क्षार फवारण्याचे काळजीपूर्वक प्रयोग केले. योग्य ढग निवडले, तर पाऊस सुमारे अठरा टक्क्यांनी वाढू शकतो, असा निष्कर्ष आला. योग्य ढग हे शब्द विसरू नका. फवारणी वाफ निर्माण करत नाही. ढगच नसेल, तर विमान काय करणार? दुष्काळात निरभ्र आभाळाखाली उभं राहून विमानाची मागणी करणं ही हतबलता मी समजू शकतो, पण त्यात शास्त्र नाही.

आणि उलटी बाजूही बघा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, रब्बी झोपली, द्राक्षबागा आडव्या झाल्या. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याच भूम-परंड्यात पुराच्या पाण्यातून माणसं बाहेर काढावी लागली. ज्या तालुक्यांत टँकरची सवय, तिथं घरांत पाणी! हवा एक अंशानं तापली की तिच्यात मावणारी वाफ सुमारे सात टक्क्यांनी वाढते. एखाद्या पुराचं सगळं खापर या एका आकड्यावर फोडता येणार नाही. पण आभाळाची कढई मोठी होते आहे, हे निश्चित. कोरड्या काळात तीच हवा मातीतून जास्त पाणी ओढते, आणि ओल्या काळात एका झटक्यात जास्त सोडते. दुष्काळ आणि पूर हे आपल्याकडे एकाच घरातले दोन भाऊ झाले आहेत.

आता आपल्या अंगाकडे वळतो.

तेर हे गोरोबाकाकांचं गाव, कुंभाराचं गाव. कुंभाराचा माठ काय करतो? भोकांतून पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळतं, वाळताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं. खव्याच्या भट्टीचीच गोष्ट, सरपणाविना. पण माठाला कोरडी हवा लागते. आपल्याकडच्या वैशाखात माठातलं पाणी घशाला थंडावा देतं, तोच माठ मुंबईला न्या, पाणी कोमट लागेल. कूलरचंही तसंच. मेमध्ये वरदान, जुलैत नुसता ओलसर वारा. गुरुजींचा चिंधी गुंडाळलेला तापमापक म्हणजे काचेचा माठच होता. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी झपाट्यानं वाळणार, तितका त्याचा पारा खाली. दोन पाऱ्यांतल्या फरकावरून हवेची तहान मोजता येते.

आणि आपलं शरीर? तेही माठच. घाम वाळला तर आपण निवतो. नुसता वाहिला तर नाही. बेचाळीस अंश आणि पंधरा टक्के आर्द्रता असताना ओल्या चिंधीचा पारा बावीस-तेवीसवर असतो. पस्तीस अंश आणि सत्तर टक्के असताना तो तीसवर जातो. धाराशिवचा माणूस ऐकून म्हणेल, पस्तीस म्हणजे काय, आमच्याकडे फाल्गुनात असतं. पण शरीराच्या दृष्टीनं ते पस्तीस या बेचाळीसपेक्षा घातक आहे. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक भर उन्हात बसले होते. पारा अडतीसच्या आसपास होता. उष्माघातानं चौदा जणांचा जीव गेला. खाडीकाठची हवा, तासन्‌तास ऊन आणि दाटीवाटी. ओल्या चिंधीचा पारा पस्तीसवर गेला, तर सावलीत बसलेला, धडधाकट, पाणी पिणारा माणूसही फार तास तग धरू शकत नाही, आणि त्रास तर त्याच्या खूप आधी सुरू होतो.

कोरड्या उन्हाला मी निर्धोक म्हणत नाही. त्याचा डाव वेगळा आहे. घाम फुटता फुटता वाळतो, अंगरखा कोरडा राहतो, माणसाला वाटतं आपल्याला घामच आला नाही. राबणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी गेलेलं असतं आणि त्याला पत्ता नसतो. वीटभट्टीवर, रोजगार हमीच्या कामावर, रस्त्याच्या डांबरावर आपली माणसं अशीच कोसळतात. दोन पाऱ्यांत फरक मोठा असेल त्या दिवशी तहान लागायची वाट न बघता पाणी पाजायला हवं. ही जबाबदारी मुकादमाची आहे, मजुराची नव्हे.

शेतीबद्दल बोललो नाही, तर या जिल्ह्यात व्याख्यान पुरं कसं होणार? डिसेंबरात धुई पडते, तुरीचा फुलोरा गळतो. द्राक्षाच्या पानावर काही तास पाणी टिकून राहिलं, की डाऊनी रोग शिरतो. बागायतदार औषधाचा डबा दिनदर्शिका बघून उघडतो, त्यानं तो रात्रीचं तापमान आणि दवबिंदू बघून उघडावा. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि संध्याकाळीच तापमान दवबिंदूपासून दोन-तीन अंशांवर, म्हणजे पहाटे पानं भिजणार. याला पदवी लागत नाही. ज्वारी दवावर येते, असं आपले वाडवडील म्हणत. दवाचं पाणी मोजलं तर एका रात्रीत अर्धा मिलिमीटरही भरणार नाही. मालदांडी ज्वारी उभी राहते ती काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर. पण पहाटेचं दव वाळेपर्यंत पानाला स्वतःचं पाणी खर्चावं लागत नाही, हेही खरं. वाडवडील पूर्ण चुकले नव्हते.

सोयाबीनवर मात्र थांबतो, कारण इथं आर्द्रतेचे पैसे होतात. एका ऑक्टोबरात मी एका शेतकऱ्याबरोबर आडतीवर गेलो होतो. गाव, बाजार सांगत नाही. पोत्यात बंबी खुपसली, मूठभर दाणे यंत्रात टाकले, आकडा आला अठरा. व्यापारी म्हणाला, "हवा जास्त आहे." बाजारात मॉइश्चरला कुणी कुणी नुसतं "हवा" म्हणतात, आणि मला तो शब्द फार अचूक वाटतो. भाव पडला. किती पडायला हवा होता, हे शेतकऱ्याला माहीत नव्हतं. मलाही तेव्हा सांगता आलं नाही. घरी येऊन मी मांडलं. शंभर किलो मालात अठरा टक्के पाणी, म्हणजे कोरडा ऐवज ब्याऐंशी किलो. तोच बारा टक्क्यांवर आणला, तर वजन त्र्याण्णव किलो. म्हणजे क्विंटलमागे सात किलोच्या आत पाणी जादा. वाळवण्याचा खर्च धरूनही कपात याच्या जवळपास असायला हवी. त्या दिवशी झालेली कपात त्याच्या कितीतरी पुढे गेली होती.

दाणा हवेशी सतत देवाणघेवाण करत असतो. हवा पासष्ट-सत्तर टक्क्यांवर असली, तर सोयाबीन बारा-तेरावर स्थिरावतं. हवा पंच्याऐंशीवर गेली, तर दाणा परत पाणी पितो, हलगीच्या कातड्यासारखा. दिवसभर वाळवलेली रास रात्री उघडी ठेवली, तर दिवसाची मेहनत दवात गेली. म्हणून ऊन उतरायच्या आत रास गोळा करून ताडपत्री टाका, आणि माल दुपारनंतर भरा, पहाटे नको. २०२४ च्या खरिपात हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली होती. मागणी रास्त होती. पण दर वर्षी सवलत मागत बसण्यापेक्षा गावोगावी सोसायटीत एक तपासलेलं ओलावामापक यंत्र असावं आणि शेतकऱ्यानं गाडी भरण्याआधी आपला आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावा, असं मला वाटतं. हातात आकडा असलेल्या माणसाशी बाजार वेगळं बोलतो.

आणि शेवटची गोष्ट. पुण्यात १९३२ साली हवामान खात्यात कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याच पुण्यात स्वातंत्र्यानंतर अण्णा मणी या विदुषींनी हवामानाची उपकरणं देशात बनावीत, त्यांची मापं एकसारखी असावीत, म्हणून आयुष्य घातलं. एवढी परंपरा घरात असताना आपल्या जिल्ह्यातल्या किती शाळांत आज दोन तापमापक आहेत? उपग्रह आहेत, मोबाइलवर अंदाज आहे, स्वयंचलित केंद्रं आहेत, ते सगळं हवंच. पण परंड्याच्या सीना काठची हवा आणि तुळजापूरच्या घाटमाथ्यावरची हवा एक नसते. त्या-त्या रानाची हवा त्या-त्या गावानंच वाचायला हवी.

गुरुजींची ती फळी त्यांच्या घरी माळ्यावर मिळाली. दौत फुटली होती. कुटुंबीयांनी ती फळी मंडळाच्या स्वाधीन केली आहे. तापमापक नवे बसवले आहेत, मलमल नवी आहे, दौतीच्या जागी काचेची छोटी बाटली आहे. आज संध्याकाळी सभेआधी मी वाचून आलो, कोरडा तीस, ओला तेवीस. सभागृहाच्या मागच्या व्हरांड्यात, उत्तरेच्या भिंतीला ती लावली आहे. जाताना प्रत्येकानं बघून जावं. शिक्षक मंडळी इथं बरीच आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की अशी एक फळी आपल्या शाळेत लावा. फार खर्च येत नाही. उद्या सकाळी साडेआठ वाजता पहिली रीतसर नोंद वहीत करायची आहे. ज्या मुलांना यायचं असेल, त्यांनी यावं. बाटलीत घालायला पाणी मी आणतो.